कोच म्हणजे डबा

आमच्या क्लबचा यंदाचा सीझन कसा गेला असं कोणी विचारलं, की मी "संमिश्र" म्हणतो. हा शब्द मी वर्तमानपत्रातून उचलला आहे. कुणाचंच समाधान झालेलं नसतं पण भांडणही वाढवायचं नसतं, तेव्हा वर्तमानपत्रवाले तो वापरतात. या संमिश्र सीझनमध्ये माझा उजवा खांदा उतरला आणि तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातली लहानथोर मंडळी मला 'डबा' म्हणायला लागली. या दोन गोष्टी जमेला धरायच्या की खर्चाला, ते अजून ठरायचं आहे.

क्लबचं नाव नवयुवक फुटबॉल मंडळ, तात्यापारा. ज्या नवयुवकांनी तो काढला त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत ते काठी टेकत सामना पाहायला येतात आणि मध्यंतरात डुलकी काढतात. हे सगळे रेल्वेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या मागे विदर्भातून रायपूरला आलेले लोक. आता संघातले निम्मे पोट्टे घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. शिव्या मात्र तिन्ही भाषांत देतात, छत्तीसगढी धरून.

मी स्वतः कधी फुटबॉल खेळलो नाही. मी चाहता आहे. हे काम खेळण्यापेक्षा अवघड असतं. खेळाडू सामना संपला की आंघोळ करून मोकळा होतो. चाहत्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन समजावून सांगावं लागतं.

आमचं मैदान म्हणजे पाऱ्यामागच्या शाळेचं मैदान. शाळेनं ते आम्हाला एका अटीवर दिलंय. क्लब शहराच्या लीगमध्ये अ गटात पाहिजे. अ गटातून घसरला की मैदान एका क्रिकेट अकादमीला जाणार. ती अकादमी तीन वर्षांपासून कुंपणाशी उभी राहून जागेकडे असं पाहते, जसं लग्नघरी उशिरा आलेला पाहुणा जेवणाच्या पंगतीकडे पाहतो. मैदान गेलं की क्लब गेला, कारण क्लबकडे मैदान आणि दोन जाळ्या सोडल्या तर दुसरं काही नाही. आणि गेल्या वर्षी आम्ही अगदी काठावर वाचलो होतो.

म्हणून वार्षिक सभेत मी उभा राहिलो. मी पहाटे उठून टीव्हीवर परदेशी लीग पाहतो, त्यामुळे सभेत माझ्या मताला थोडं वजन आहे. मी म्हणालो, "तिकडे क्लब हरला की मॅनेजरला काढून टाकतात. आपण हरलो की कोणाला काढायचं? आपल्याकडे मॅनेजरच नाही."

हा मुद्दा सभेला एकदम पटला. आपल्याकडे काढायला माणूस नाही ही उणीव इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातच आली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष देवीदासभाऊ, ज्यांचं मंडपाचं सामान भाड्यानं देण्याचं दुकान आहे, ते लगेच म्हणाले, "माह्या ओळखीत एक मंगल कार्यालयाचा मॅनेजर आहे. माणूस खमक्या आहे." दुसऱ्या कोणी राइस मिलचा मॅनेजर सुचवला. तिसऱ्यानं बँकेचा सुचवला, पण त्याची नुकतीच अंबिकापूरला बदली झाली होती.

मी समजावून पाहिलं. म्हटलं, फुटबॉलचा मॅनेजर वेगळा. तो संघ निवडतो, डाव आखतो, कडेला उभा राहून सूचना देतो.

"म्हणजे कारभार पाहते तोच ना?" देवीदासभाऊ म्हणाले. "मग मॅनेजर इथून तिथून मॅनेजरच, राजा." आणि मग त्यांचे डोळे चमकले. "काहून बे शेखर, तुया सासरा तं रेल्वेत स्टेशन मॅनेजर होता!"

सभेनं टाळ्या वाजवल्या. मी विरोध करायला तोंड उघडलं, पण सासऱ्याला विरोध करणारा जावई सभेत चांगला दिसत नाही.

माझे सासरे श्यामराव दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच राहतात. विदर्भाच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणतो आणि ते मला जवाईबापू. त्यांनी नोकरीचा मोठा भाग नागपूर लाइनवरच्या एका लहान स्टेशनावर काढला. निवृत्तीआधी रेल्वेनं त्यांचं पद 'मास्तर'चं 'मॅनेजर' केलं, तेव्हापासून कोणी स्टेशन मास्तर म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात. आमच्याकडे ते दिवसभर व्हरांड्यात बसत. लांबून इंजिनाची शिटी आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आणि "लेट" एवढंच म्हणत. शारदाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचंच वाईट वाटायचं.

"करू द्या ना बाबाले," ती म्हणाली. "माणूस कामात राहीन. नाही तं गाड्यायले लेट म्हणत म्हणत एक दिवस तेच..." ती भाजी जोरात हलवायला लागली.

मग मी, मामाजी आणि देवीदासभाऊ नाव नोंदवायला लीगच्या कचेरीत गेलो. तिथले निरंजन भैया अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी मामाजींकडे पाहिलं, नमस्कार केला आणि विचारलं, "प्रबंधक लिखूँ कि कोच?"

"मॅनेजर," मी म्हणालो.

"माने प्रबंधक. प्रबंधक का काम है पानी, नींबू और गाड़ी. बेंच पे बैठेंगे, बोलेंगे नहीं. मैदान में आवाज़ सिर्फ कोच लगाएगा. नियम है."

मी मामाजींकडे वळून म्हणालो, "मग कोच म्हणूनच लिहू या."

मामाजींचा चेहरा लाल झाला. "कोच?"

"हो."

"जवाईबापू, कोच म्हणजे डबा! अख्खी नोकरी मी गाडीचे डबे मोजले. स्लीपर कोच, जनरल कोच, पार्सलचा डबा. मी मॅनेजर माणूस, आता उतारवयात तुमी मले डबा म्हणता?"

मी सांगितलं, या कोचचा अर्थ वेगळा. निरंजन भैयांनीही सांगितलं. बाहेरून चहावाला आला होता, त्यानंही सांगितलं. मामाजी म्हणाले, "अर्थ तुमचा वेगळा असंन. लिहाल तं तेच." आणि कचेरीच्या पायऱ्या उतरून रिक्षात जाऊन बसले.

"तो कोच में किसका नाम डालूँ?" निरंजन भैयांनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. देवीदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चहावाल्यानंही पाहिलं.

असा मी कोच झालो. माझ्या गळ्यात फोटोचं कार्ड आलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तोच शब्द. घरी येताना शेजारच्या वनमालाकाकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना वाचायचा चष्मा लागतो, पण दुसऱ्याच्या गळ्यातलं वाचायला लागत नाही.

"हे काय जी शेखरभाऊ, गळ्यात काय लटकवून राहिले?"

मी उत्तर देणार इतक्यात मागून मामाजी म्हणाले, "डबा हाय तो."

संध्याकाळपर्यंत ते पाऱ्यात सगळ्यांना कळलं होतं.

सराव सुरू झाला. मामाजी पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून त्यांनी पोट्ट्यांना तीन नियम सांगितले. एका सेक्शनमध्ये एकच गाडी, म्हणून मैदानाच्या एका भागात आपला एकच माणूस. पुढच्यानं हात वर करून लाइन क्लिअर दिल्याशिवाय त्याला चेंडू द्यायचा नाही. आणि समोरच्या गोलजवळ पोचल्यावर, स्टेशनात शिरण्याआधी गाडी थांबते तसं, होम सिग्नलला थांबायचं, मामाजींकडे पाहायचं आणि हिरवं मिळालं तरच आत शिरायचं.

यशदीप आमचा सगळ्यात वेगवान खेळाडू. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्ट करून येतो. त्यानं डोकं खाजवलं. "अंकल, गोल के सामने रुकूँगा तो कोई बॉल ले जाएगा ना?"

"ले जाऊ दे. टक्कर नाही झाली पाहिजे. माह्या ड्युटीत आजवर एक बी टक्कर नाही."

"हव," यशदीपनं होकार दिला. त्याला अजून विचारायचं होतं, पण पांढऱ्या शर्टापुढं त्याचा धीर झाला नाही.

नियमाप्रमाणं मामाजींना मैदानावर आवाज काढता येत नव्हता. म्हणून ते माझ्या कानात बोलायचे आणि मी ओरडायचो. पहिल्या सामन्यात आमचा गोलकीपर पराग पुढं सरकला तेव्हा मी भर मैदानात ओरडलो, "पराग, मागं हो! विदाउट येऊन राहिला, विदाउट!" विनातिकीट प्रवाशाला रेल्वेत विदाउट म्हणतात, हे परागला ठाऊक होतं. रेफ्रीला ठाऊक नव्हतं. त्यानं मला ताकीद दिली.

तो सामना शून्य-शून्य सुटला. दुसराही तसाच सुटला. लोक खूश होते, कारण गेल्या वर्षी पहिल्या दोन सामन्यांत आम्ही नऊ गोल खाल्ले होते. आमच्या बाजूला इतकी शिस्त होती, की समोरच्याला आत शिरायला फटच सापडत नव्हती. शहरातल्या एका हिंदी वर्तमानपत्रानं आमच्या बचावाला 'अभेद्य' म्हटलं आणि खाली माझा फोटो छापला. मामाजींनी तो पाहिला आणि म्हणाले, "डब्याचा फोटो बरा आला." आक्रमणाबद्दल त्या बातमीत एक शब्द नव्हता. यशदीप दर वेळी गोलजवळ पोचायचा, शिस्तीत थांबायचा, मामाजींकडे पाहायचा, आणि मामाजींना आत गोलकीपर उभा दिसायचा. सेक्शन मोकळं नाही. तोवर कोणी तरी येऊन चेंडू घेऊन जायचा.

मी एकदा अदबीनं म्हटलं, "मामाजी, गोलकीपर तर तिथं नेहमीच असतो."

"मग त्याले हटवा आधी," मामाजी म्हणाले.

पुढं सिलतऱ्याचा सामना आला. मामाजींनी ट्रंकेतून आपल्या जुन्या दोन झेंड्या काढून आणल्या, लाल आणि हिरवी. हात दाखवलेला पोट्ट्यांना लांबून दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खेळ रंगात आला, यशदीप सुटला, मामाजींनी कडेला उभं राहून लाल झेंडी धरली. सिलतऱ्याच्या बचावपटूंना वाटलं ऑफसाइड झाली. ते थांबले. ते थांबले म्हणून आमचे थांबले. सगळेच थांबलेले पाहून खऱ्या लाइनमननं, आपलं काही चुकलं असेल या भीतीनं, आपलीही झेंडी वर केली. आता मैदानाच्या एकाच बाजूला दोन झेंड्या होत्या आणि रेफ्री त्यातली खरी कोणती याचा विचार करत होता, त्यामुळे शिटी वाजवायचं राहून गेलं. सिलतऱ्याचा गोलकीपर गोंधळ जवळून पाहायला पुढं आला. आणि त्यांच्या ज्या एका खेळाडूनं यातलं काहीच पाहिलं नव्हतं, त्यानं सवयीनं चेंडू मागं आपल्या गोलकीपरकडे ढकलला. तो हळूहळू घरंगळत जाळ्यात गेला.

शिटी वाजली नव्हती, म्हणून गोल धरला गेला. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. सबंध सीझनमधला आमचा तोवरचा तो एकमेव गोल, आणि त्यात आमचा हात नव्हता, पायही नव्हता. पाऱ्यात फटाके फुटले. तिसऱ्या दिवशी लीगकडून निरोप आला की प्रबंधकानं मैदानात झेंडी आणली तर संघ बाद होईल.

मी मनातून सुटकेचा निःश्वास टाकला. तो टाकायची घाई झाली.

"झेंडी नाही तं नाही," मामाजी म्हणाले. "माह्या उमेदवारीच्या काळात हाताचे सिग्नल होते. खांबाले पाटी. पाटी आडवी म्हणजे थांबा, खाली झुकली म्हणजे चला. काही खर्च नाही." आणि मला आपादमस्तक पाहून म्हणाले, "उंची बरोबर आहे."

त्यानंतरचे सामने मी मैदानाच्या कडेला उजवा हात आडवा पसरून उभा राहून काढले. मामाजी मागं. हिरवं द्यायचं झालं तर ते माझं कोपर खाली दाबणार, असं ठरलं होतं. त्यांनी ते एकदाही दाबलं नाही. मी दोन मुलांचा बाप, सरकारी नोकर, नळ आला नाही तर पाऱ्यातले लोक अर्ज लिहायला माझ्याकडे येतात, आणि मी उन्हात खांबासारखा उभा. एकदा मैदानाबाहेरच्या रस्त्यावरून जाणारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं, "कहाँ जाहू भैया?" मागून मामाजी म्हणाले, "हलू नका. पाटी हलली."

मधल्या काळात बाकीचे संघ शहाणे झाले. आमच्या पोट्ट्यानं लाइन क्लिअर द्यायला हात वर केला, की समोरचे दोघं आधी त्याच्याजवळ जाऊन उभे राहत. आम्ही दोन सामने हरलो. बाकीचे बरोबरीत सुटत राहिले. शेवटच्या सामन्याआधी गणित सरळ झालं. उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या रोलिंग मिलवाल्यांना हरवलं तर आम्ही अ गटात राहणार. हरलो तर मैदान गेलं, आणि बरोबरी झाली तरी गेलं. बरोबरी सोडून आम्हाला काही येत नव्हतं.

आता पाऱ्यातून सल्ले यायला लागले. वनमालाकाकू म्हणाल्या, आपला गोल दक्षिणेला तोंड करून आहे, तो फिरवून घ्या. माझ्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं, हात पसरून उभं राहिल्यानं पोटात वात धरतो. क्रिकेट अकादमीचे लोक एक दिवस मैदानावर येऊन खेळपट्टी कुठं काढायची त्याच्या खुणा करून गेले. त्या चुन्याच्या खुणा पाहून मला फार वाईट वाटलं. माझ्या लहानपणी वडील मला त्याच कुंपणाशी खांद्यावर बसवून सामने दाखवायचे.

देवीदासभाऊ मला दुकानाच्या मागं, गाद्यांच्या ढिगाआड घेऊन गेले. "आता काढ."

"कोणाला?"

"मॅनेजरले. तूच म्हटलं होतं ना सभेत, हरलं का मॅनेजरले काढते म्हणून? मग? शेवटच्या सामन्यात पोट्ट्यायले मोकळं खेळू दे. मले तं श्यामरावजींले सांगता येत नाही, मोठे आहेत. तू घरचा आहे."

रविवारी सकाळी शारदानं तर्री-पोहे केले. मी मामाजींच्या समोर बसलो. त्यांनी बशीतले पोहे सारखे करून त्यावर शेंगदाणे मांडले होते. एका दाण्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा यशदीप."

"मामाजी, थोडं बोलायचं होतं."

"बोला." त्यांनी उरल्याचा एक बचावपटू उचलून तोंडात टाकला.

मी पाणी प्यालो. पुन्हा प्यालो. मामाजीच बोलायला लागले.

"आमचं स्टेशन लहान होतं, जवाईबापू. एक्सप्रेस गाड्या थांबत नव्हत्या. सगळ्या थ्रू. मी हिरवी झेंडी घेऊन फलाटावर उभा राहो, आणि गाडी धाडधाड करत निघून जाय. खिडकीत माणसंच माणसं. चहा पिऊन राहिले, केस विंचरून राहिले. माह्याकडे कोणी पाह्यलं नाही कधी. काहून पाह्यतीन? त्यायचं काम नाही ते." त्यांनी यशदीपला बशीच्या काठाशी सरकवलं. "हे पोट्टे पाह्यतात. भर खेळात थांबतात आणि माह्याकडे पाह्यतात."

स्वयंपाकघरात झाऱ्याचा आवाज थांबला होता. मी मान वर केली तर शारदा दारात उभी होती. मी खाली मान घालून बशी संपवली आणि देवीदासभाऊंना जाऊन सांगितलं, की मामाजींनी विचार करायला वेळ मागितला आहे.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. काठी टेकणारे नवयुवक सगळे आले होते आणि त्या दिवशी एकालाही डुलकी लागली नाही. क्रिकेट अकादमीवालेही एका कोपऱ्यात उभे होते. मी माझ्या जागी गेलो आणि हात पसरला. मामाजी मागं येऊन उभे राहिले.

"देवीदासनं मले काढायले सांगितलं ना तुमाले?" ते माझ्या कानात म्हणाले.

मी हललो.

"पाटी हलवू नका. पोह्याच्या बशीपुढं कोणी एवढं गंभीर होऊन बसत नाही जी. समजते मले."

सिग्नलनं बोलायचं नसतं हे बरंच झालं.

खेळ नेहमीसारखाच चालला. उरल्याचे पोट्टे दणकट, लोखंडात काम करणारे, पण आमच्या सेक्शनांतून त्यांना वाट सापडत नव्हती. आणि आम्ही होम सिग्नलच्या पुढं जात नव्हतो. शून्य-शून्य. मध्यंतर झालं, मामाजींनी प्रबंधकाच्या नात्यानं सगळ्यांना लिंबूपाणी दिलं, परत शून्य-शून्य. लोक आधी ओरडत होते, मग गप्प झाले. वेळ संपत आली.

मग परागनं एक लांब चेंडू मारला. तो मधल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि यशदीपच्या पुढं पडला. यशदीप सुटला. त्याच्या मागं उरल्याचा एक गडी धावत होता, पुढं फक्त गोलकीपर, बाकी मैदान रिकामं. अख्खा तात्यापारा उभा राहिला.

आणि यशदीपनं वेग कमी केला. शिकवल्याप्रमाणं. त्यानं चेंडूवर पाय ठेवला आणि मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं.

"हाथ नीचे!" लोक किंचाळत होते. "अबे डबा, हाथ नीचे कर!"

माझा हात आडवा होता. तो मला खाली करता आला असता. अगदी खरं सांगतो, करावासा वाटत होता. पण मामाजींची बोटं माझ्या कोपरावर होती आणि ती दाबत नव्हती. समोर गोलकीपर हात फैलावून उभा होता, मला दिसत होता, म्हणजे त्यांनाही दिसत होता. मागचा गडी अगदी जवळ आला.

"थ्रू!" मामाजी माझ्या कानात ओरडले. नियम, लीग, निरंजन भैया, सगळं विसरून त्या म्हाताऱ्यानं शेवटी मैदानभर ऐकू जाईल असा आवाज काढला. "थ्रू जाऊ दे त्याले! थांबू नको रे पोट्ट्या!" आणि कोपर दाबण्याऐवजी ते माझ्या हाताला सगळ्या वजनानिशी लटकले. कट असा आवाज आला. मी खाली बसलो.

म्हणून गोल मी जमिनीवरून, लोकांच्या पायांमधून पाहिला. यशदीप गेला, चेंडू गेला, गोलकीपर पुढं आला, तिघांची टक्कर झाली, आणि त्यातून चेंडू एकटा बाहेर निघून जाळ्यात शिरला. शिटी वाजली. या वेळी वेळेवर वाजली.

यशदीप मात्र उठून पळतच राहिला. त्याला थांबू नको म्हणून सांगितलं होतं. तो गोलच्या मागून गेला, अकादमीवाल्यांच्या पुढून गेला, मैदानाला वळसा घालून, मागं सगळा संघ घेऊन, आमच्यासमोर आला आणि जागच्या जागी पळत, धापा टाकत म्हणाला, "अंकल, अब रुकूँ?"

मामाजींनी सवयीनं माझ्या हाताकडे पाहिलं. तो कामातून गेला होता. मग त्यांनी आपला स्वतःचा हात वर उचलला आणि आडवा धरला. यशदीप थांबला. त्याच्या मागं सगळे थांबले आणि मामाजींकडे पाहत उभे राहिले. मामाजींनी हात बराच वेळ खाली घेतला नाही.

उरलेला वेळ आम्ही सेक्शन सांभाळून काढला. ते आम्हाला येत होतं.

मला चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. शेजारच्या बाकावर उरल्याचा गोलकीपर नाकाला कापूस लावून बसला होता. मामाजींनी त्याला उरलेलं लिंबूपाणी दिलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचा पांढरा शर्ट माझ्यामुळं मातीत माखला होता.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "सेक्शन मोकळं नव्हतं."

"माहीत आहे."

"गोलकीपर आत उभा होता. मले दिसत होता. तरी सोडली मी गाडी." त्यांनी त्या गोलकीपरच्या नाकाकडे पाहिलं. "सगळ्या नोकरीत नाही झाली ती टक्कर आज झाली." आणि मग त्यांच्या मिशीखालून हसू फुटलं, जे मी या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. "मजा आली पण."

तेवढ्यात कंपाउंडर दारात आला आणि त्यानं विचारलं, "खांदे वाला पेशंट कौन है?"

"हा काय," मामाजी माझ्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "डबा आहे आमचा."

"हव," मी म्हणालो, आणि उठलो.